उजवीकडचा रकाना

पहिलीत तोंडी परीक्षेला बाईंनी एक हिरवी जुडी माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "हे काय आहे, सांग बरं?"

"सांबार."

"नीट बघ. सांबार इडलीसोबत असतं. हे काय आहे?"

मी नीट बघितलं. मला सांबारच दिसलं. न्हाणीच्या सांडपाण्यावर आजीनं वाफा केला होता आणि रोज संध्याकाळी वरणावर टाकायला चार काड्या तोडून आणायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं शंका घ्यायला जागाच नव्हती. तिसऱ्यांदाही मी सांबारच म्हटलं आणि एक मार्क गेला. बाई नुकत्याच लग्न होऊन नागपूरला आल्या होत्या. कोथिंबिरीला इकडं सांबार म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. आज मला त्यांचा राग नाही. त्या दिवशी होता.

घरी आले तेव्हा आजी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. रडणं संपेपर्यंत तिनं सोलणं थांबवलं नाही. मग हात पदराला पुसले आणि म्हणाली, "तुह्यं बरोबर आहे वं." मी डोळे पुसले. "आन त्या बाईचंही बरोबर आहे." मी पुन्हा रडायला लागले. मग ती उठली, आत गेली, खाटेखालची लोखंडी पेटी ओढली आणि एक वही घेऊन आली.

ती वही आज माझ्यासमोर आहे. दोनशे पानी, खाकी कव्हर चढवलेली, कोपरे गोल झालेले. प्रत्येक पानावर मधोमध पट्टीनं लाल पेन्सिलीची उभी रेघ. डावीकडं वर लिहिलंय 'घरी', उजवीकडं 'पुस्तकात'. आलू, बटाटा. जाम, पेरू. भेद्रं, टोमॅटो. फल्ली, शेंगदाणा. गंज, पातेलं. सराटा, उलथणं. गुंड, कळशी. बंडी, बैलगाडी. टोंगळा, गुडघा. काहून, का. कोहळ्याशी मात्र तिची अडचण झालेली दिसते, कारण कोहळं दोन्ही रकान्यांत आहे. डावीकडचं लाल, ज्याची बोंडं तळतात ते, उजवीकडचं पांढरं. मध्ये बारीक अक्षरात टीप : 'शब्द एक, फळं दोन. मुलांना दोन्ही दाखवणे.' आणि जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात एक आकडा. ज्या पोरानं किंवा पोरीनं वर्गात तो शब्द विचारला, त्याचा हजेरीतला नंबर.

सांबारापुढं (४) होतं.

"हे पाय," आजी म्हणाली. "तुह्या आंधी चार नंबरानं विचारलं होतं. तो पोट्टा आता रेल्वेत आहे." आणि चाराच्या पुढं स्वल्पविराम देऊन तिनं माझा नंबर लिहिला : ३१.

चार नंबरवाल्याला मी कधी पाहिलं नाही. पण त्या दुपारी त्यानं मला जेवढा धीर दिला, तेवढा सख्ख्या भावानंही पुढं कधी दिला नाही.

वही कशी सुरू झाली ते आजी अगदी कोरडेपणानं सांगायची. १९६७ साली पुण्याला बालभारती स्थापन झाली आणि राज्यभरासाठी एकच क्रमिक पुस्तकं निघू लागली. ती आजी शिकवायची त्या महापालिकेच्या शाळेतही आली. चित्रं छान, कागद छान. पण पोरं वाचता वाचता अडायची. 'बाई, पेरू म्हणजे?' बाई दुसऱ्या दिवशी घरून जाम घेऊन जायची, टेबलावर ठेवायची. 'हा पेरू.' वर्ग हसायचा. 'बाई, हा तं जाम आहे ना!' मग त्या जामाच्या फोडी करून सगळ्यांना एकेक. पगारातून फळं किती आणायची? म्हणून वही. त्यात भाषेच्या प्रेमाबिमाचा काही भाग नव्हता. "मार्क कायले गमवायचे?" एवढंच तिचं म्हणणं.

पण फक्त तेवढंच असतं, तर तिनं एकच रकाना ठेवला असता. चुकीचे शब्द खोडून बरोबर लिहून देणारे गुरुजी मी पुढं पुष्कळ पाहिले. तिनं डावीकडच्या शब्दावर कधी काट मारली नाही. त्या रकान्याला 'चूक' असं नाव दिलं नाही, 'अशुद्ध' असंही नाही. 'घरी' म्हटलं. हे तिला कुठून सुचलं असेल याचा मी खूप विचार केलाय, आणि मला वाटतं ते तिच्या बाराव्या वर्षातून आलं.

आजी १९४४ ची. इंदोऱ्यात जन्मली, तिथंच वाढली. १९५० मध्ये शाळेत नाव घातलं तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि कचेरीतला कारभार हिंदी-मराठी दोन्हींत चालायचा. आमच्या बोलीत हिंदी इतकी का मिसळली असं पुण्यातले मित्र विचारतात, त्यांना मी हा इतिहास सांगते. ते ऐकून घेतात आणि पुन्हा तेच विचारतात. असो. १४ ऑक्टोबर १९५६, रविवार, विजयादशमी. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि समोरच्या लाखोंना दिली. त्या गर्दीत आजी होती. पणजीनं आपल्या लुगड्याचे काठ कापून टाकले होते, कारण पांढरं नेसून जायचं होतं आणि घरात निव्वळ पांढरं असं काहीच नव्हतं. कापलेल्या काठांच्या आजीला वेणीला रिबिनी झाल्या. मैदानावरचं भाषण तिला आठवत नसे. त्या रिबिनी आठवत. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्या रात्री इंदोऱ्यात चूल पेटली नाही. आणि १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले.

साडेपाच महिने. बारा वर्षांच्या एका पोरीचा धर्म बदलला, राज्य बदललं, पैसा बदलला, आणि ती राहत्या घरातून हललीसुद्धा नव्हती. तिच्या भागाला साडेतीन वर्षांनी महाराष्ट्र म्हणू लागले. मॅट्रिक होता होता शेर-छटाक गेले, किलो-ग्रॅम आले. पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी छड्या खाऊन पाठ केलेल्या, त्या एका सरकारी कागदानं रद्दी झाल्या. ट्रेनिंग करून १९६३ मध्ये नोकरीला लागली, तर त्याच्या आदल्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे चौदा नियम केले होते आणि शब्दांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार उडाले होते. 'नाहीं' लिहायला शिकलेली आजी 'नाही' शिकवायला वर्गात उभी राहिली. १९७२ मध्ये आणखी चार नियम आले.

"वरून कागद येते," ती म्हणायची, "मंग कालचं बरोबर आज चूक होते. पोट्ट्यायले काय सांगायचं? कालपर्यंत तुह्या बापानं लिहिलं ते चूक होतं म्हणून?" शाळेच्या फळ्यावर तिनं एकही जुना अनुस्वार दिला नाही. स्वतःच्या हिशेबाच्या डायरीत मात्र शेवटपर्यंत 'नाहीं', 'कां', 'पांच'. तीही एक प्रकारे दोन रकान्यांचीच वही.

एकच बदल तिनं कधी रकान्यात धरला नाही. त्याला डावं-उजवं नव्हतं. दसऱ्याला ती पांढरं नेसायची आणि दीक्षाभूमीला जायची, आणि घरातल्या कुणीही त्यावर विनोद केलेला तिला खपत नसे.

तिच्या टेबलावर कुणाचा फोटो नव्हता, पण एका बाईची गोष्ट ती वर्षातून दोनदा तरी सांगायची. जाईबाई चौधरी. नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहणारी हमाल बाई. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईशी ओळख झाली, वाचायला शिकली, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. ही कोणत्या जातीची आहे हे कळल्यावर सवर्णांनी पोरं काढून घेतली आणि नोकरी गेली. मग जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी स्वतःची चोखामेळा शाळा काढली. १९३७ मध्ये नागपुरात महिला परिषदेचं अधिवेशन भरलं तेव्हा जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळं बसवलं गेलं, त्यावर दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात हे सगळं आहे, पण आजीनं ते पुस्तकातून घेतलं नव्हतं, इंदोऱ्याच्या ओट्यांवर ऐकलं होतं. तिच्या सांगण्यात एक तपशील जास्तीचा असायचा. कामठी रोडकडं हात करून ती म्हणायची, "याच रस्त्यानं जाय ते. डोक्शावर बोजा. वाचाले शिकली तेव्हा रस्त्यातल्या पाट्या वाचत जात असन." हा असन म्हणजे तिचा स्वतःचा. पुरावा नाही. तरी कामठी रोडवरून जाताना मीही पाट्या वाचते.

कळमन्यात प्लॉट घेतला तो आजोबांनी, स्वस्त मिळाला म्हणून. तेव्हा इकडं शेतं, रेल्वेचं यार्ड आणि हावड्याकडं जाणाऱ्या मालगाड्या. मग इतवारीतला बराचसा घाऊक व्यापार सरकत सरकत इकडं आला आणि आमच्या घराला मार्केटानं वेढलं. कागदावर त्याचं नाव पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड. तोंडात कळमना मार्केट. इथंही दोन रकाने. या बाजाराचं पंचांग नाकानं कळतं. दिवाळीच्या पुढं-मागं आंबिया बहाराचा संत्रा, उन्हाळ्याच्या तोंडाशी मृगाचा. आणि जानेवारीपासून मिरची. लाल पोत्यांच्या थप्प्या उतरू लागल्या की आमच्या गल्लीत पहिल्यांदा कुत्री शिंकतात, मग माणसं. पाहुणे आले की त्यांना ठसका लागतो आणि आम्ही पाण्याचा गडवा पुढं करून निवांत बोलत राहतो.

२००२ मध्ये आजी रिटायर झाली. सत्काराचा नारळ आणि शाल घेऊन घरी आली, शाल पेटीत टाकली, नारळाची चटणी केली, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता साडी बदलून ओट्यावर येऊन बसली. एकोणचाळीस वर्षांची सवय. कुणीतरी वर्गात येईल असं तिला वाटत असावं. आलेही. मिरचीचे देठ खुडायला जाणाऱ्या बाया आमच्या घरावरून परतायच्या. त्यांतली एक जण एके दिवशी थांबली आणि हातातली चिठ्ठी पुढं केली. आठवड्याची मजुरी, उचल वजा, हातात किती. "बाई, पाहून द्या ना जरा."

आजीनं चष्मा लावला, बेरीज केली, वजाबाकी केली, आणि सवयीनं खाली लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण ठोकली. ती बाई त्या खुणेकडं बघत राहिली. शाळेत गेली नव्हती ती. तिच्या आयुष्यातली ही पहिली बरोबरची खूण.

शनिवारी चार बाया आल्या. पुढच्या शनिवारी अकरा. हिशेब बहुतेक वेळा बरोबरच असायचा, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण लोकांना वाटतं आजी तिथं अन्यायाविरुद्ध वगैरे लढत होती. तसं काही नव्हतं. त्या खुणेसाठी यायच्या. काही जणी मिरचीनं भाजलेली बोटं आधी पदराला पुसायच्या, मग चिठ्ठी उघडायच्या, म्हणजे खूण पुसली जाऊ नये. एकीनं तर एकदा तक्रार केली, "बाई, मागच्या बारीची खूण मोठी होती." आजीनं चिठ्ठी परत घेतली आणि ती मोठी करून दिली.

तान्ह्या पोळ्याला तिचा वेगळाच कायदा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार येतात, त्यांना बोजारा द्यायचा असतो. आम्ही बौद्ध, नंदीची पूजा आमच्याकडं नाही. पण "पोट्ट्यायचा सण आहे" म्हणून आजी दारात उभी राही. फक्त बोजारा हवा असेल तर एक पाढा म्हणायचा. सतराचा म्हणणाऱ्याला दहाची नोट, बाकीच्यांना पाचाची. आमच्या गल्लीत सतराचा पाढा येणारी पोरं शहरात सगळ्यात जास्त असावीत. याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण माझा दावा आहे.

मी पुण्याला आले, एका प्रकाशनात मुद्रितशोधनाचं काम मिळालं. म्हणजे आजीच्या वहीचा उजवा रकाना पोटापाण्याला लागला. दुसऱ्याच महिन्यात आमच्याच भागातल्या एका लेखकाची कादंबरी हातात आली. त्यात एका ठिकाणी 'जामाच्या झाडाखाली' होतं. मी तिथं 'पेरूच्या' केलं. विचार न करता केलं, हात सरावला होता. पुस्तक छापून आल्यावर माझ्या लक्षात आलं. रात्री आजीला फोन केला आणि सांगून टाकलं. ती थोडा वेळ गप्प. मागून मालगाडीचा आवाज येत होता.

"त्या लेखकानं काही म्हटलं का?"

"नाही."

"मंग सवय असन त्याले."

दुसरं काही बोलली नाही, जेवली का विचारलं आणि फोन ठेवला. मला खूप दिवस ते वाक्य झोपू देत नव्हतं. पुढच्या सुट्टीत मी तिला रिद्धपूरबद्दल सांगायला गेले, की म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' तिथं, आपल्या अमरावती जिल्ह्यात, तेराव्या शतकात लिहिलं, म्हणजे मराठी गद्याची सुरुवातच मुळी विदर्भातली. माझ्या आवाजात जरा विजय होता. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "चाळीस वर्षं सांगून राहिली मी पोट्ट्यायले. पण म्हणून पेपरात जाम लिहिलं तं मार्क भेटते का?"

विसरायला तिनं २०२० च्या सुमारास सुरुवात केली. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यानं १८८१ मध्येच लिहून ठेवलंय की स्मृती जाते तेव्हा अलीकडचं आधी जातं, जुनं मागं राहतं. मी ते वाचलं होतं. पण घरात ते होताना बघणं म्हणजे कुणीतरी वहीचा उजवा रकाना रोज रबरानं खोडत बसलंय असं होतं. कोथिंबीर गेली. उलथणं गेलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय, तर ती म्हणाली, "टोंगळा." बाहेरगावचे तरुण डॉक्टर होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी म्हटलं, "गुडघा." त्या दिवसापासून वहीची नोकरी माझ्याकडं आली.

मग किलो गेला. भाजीवाल्याला ती "पावशेर दे" म्हणायची. तसं सगळेच म्हणतात, पण ती खरोखरच्या शेराबद्दल बोलत होती. मग पैसे गेले. सांबार किती आण्याचं, असं विचारायची. पंचवीस पैशांचं नाणंसुद्धा २०११ मध्ये चलनातून गेलं, तरी त्या पोरानं सरळ उत्तर दिलं, "दोन आण्याचं, आजी," आणि माझ्याकडून दहा रुपये घेतले. डायरीतले अनुस्वार मात्र दाट झाले. जिथं कधीच नव्हते तिथंही पडू लागले, पहिल्या पावसाच्या थेंबांसारखे कुठंही.

रिबोचा हिशेब एका ठिकाणी येऊन थांबला. बाराव्या वर्षानंतरचं इतकं काही वाहून गेलं, पण बाराव्या वर्षातलं ते एक गेलं नाही. संध्याकाळी दिवे लागले की ती हात जोडून त्रिशरण म्हणायची, एकही अक्षर न चुकता. कधी मध्येच थांबून डोक्यामागं हात न्यायची, वेणी चाचपायची. पांढऱ्या केसांचा लिंबाएवढा अंबाडा उरला होता. तरी चाचपायची. काय शोधते हे आईला कळत नसे. मला कळत होतं.

२०२३ च्या डिसेंबरात ती गेली. त्याच्या महिनाभर आधी मी सुट्टी काढून आले होते. दुपारची वेळ, ओट्यावर ऊन. समोर ताटलीत एक जाम, मी चार फोडी केलेल्या, मीठ लावलेल्या. तिनं एक फोड उचलली, उलटी-सुलटी करून पाहिली, बियांवर बोट फिरवलं.

"पोट्टे," मला नाव घेऊन हाक मारणं तिनं केव्हाच सोडलं होतं, "याले काय म्हणते वं पुस्तकात?"

मी तिच्याकडं पाहिलं. खूप दिवसांनी तिला उजवीकडं काहीतरी असतं हे आठवलं होतं. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. पण मला ती कादंबरी आठवली.

"जामच म्हणते, आजी."

तिनं फोड तोंडात टाकली, सावकाश चावली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं ती एकोणचाळीस वर्षं मागच्या बाकाकडं बघत आली असेल.

"मार्क कटतीन तुहे," ती म्हणाली.